नागपुरात ओबीजी नर्सिंग शिकताना

एम.एस्सी. नर्सिंग करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो स्पेशालिटीचा, आणि त्याचं उत्तर बहुतेकींनी आधीच ठरवलेलं असतं: मेडिकल-सर्जिकल. आयसीयूचा अनुभव जोडता येतो, आखातात जागा निघतात, कॉलेजात शिकवायला गेलं तरी तास भरपूर मिळतात. मी ओबीजी, म्हणजे प्रसूती आणि स्त्रीरोग परिचर्या, पहिल्या पसंतीला टाकलं तेव्हा आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "अवं, इतकी वर्षं बाळंतपणंच करून राहिली ना तू? त्यात आणखी काय शिकशील?"

त्यांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. बाळंतपणं मला येत होती. पण लेबर रूमच्या बाहेरची बाई मला येत नव्हती. पाळी जायच्या वयातली बाई "अंगावर खूप जाते" म्हणायची, मी केसपेपर काढून डॉक्टरांकडे पाठवायचे, आणि ती परत येताना हातात गोळ्यांची चिठ्ठी नाहीतर "पिशवी काढावी लागेल" हे वाक्य घेऊन यायची. मधे काय झालं, काय विचारलं गेलं, काय राहून गेलं, यातलं मला काहीच कळायचं नाही. ते शिकायचं होतं.

प्रवेशाची रामकहाणी थोडक्यात आटोपते. नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी लागते, बी.एस्सी.ला किमान ५५ टक्के लागतात, वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. अनुभवाच्या दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख आणि हुद्दा नीट लिहून घ्या, कारण तिथेच निम्म्या जणी अडकतात. घरी सासूबाईंनी मुलाला सांभाळायचं कबूल केलं, नवऱ्यानं शनिवारी येऊन घेऊन जायचं, असं ठरवून मी नागपुरात होस्टेलला राहायला गेले.

पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, अ‍ॅडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च-स्टॅटिस्टिक्स आणि आपली स्पेशालिटी असे चार विषय. पहिल्या दोघांबद्दल मी फार बोलणार नाही. लेसन प्लॅन लिहिणं, चार्ट रंगवणं, मायक्रोटीचिंगमध्ये आपल्याच मैत्रिणींना विद्यार्थी समजून हात धुण्याच्या पायऱ्या शिकवणं, यात जितका वेळ गेला त्याच्या निम्म्यात ते झालं असतं. रात्री होस्टेलच्या व्हरांड्यात थर्माकोल कापत बसलेल्या बायका, त्यातल्या दोघी-तिघी लेकुरवाळ्या, हे दृश्य नर्सिंगच्या प्रत्येक होस्टेलला ओळखीचं आहे.

खरं शिक्षण लेबर रूममध्ये सुरू झालं, आणि तिथे पहिली गोष्ट कळली ती ही की केस मिळवायला रांग असते. मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयात एमबीबीएसचे इंटर्न असतात, पीजीचे रेसिडेंट असतात, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, मुली असतात, बी.एस्सी.च्या असतात आणि वर आम्ही. प्रत्येकाचं लॉगबुक, प्रत्येकाला आकडे भरायचे. एक बाई टेबलावर आणि तिच्या पायाशी सात-आठ जण उभे, हे मी पाहिलंय. 'सन्मानपूर्वक प्रसूती सेवा' हा धडा सकाळी वर्गात व्हायचा आणि दुपारी हे. आमच्या ओबीजीच्या मॅडमनी यावर एक नियम काढला होता: सुरुवातीपासून जी त्या बाईजवळ बसली, तिचीच केस. ऐनवेळी ग्लोव्हज घालून धावत येणारीला लॉगबुकवर सही नाही. त्यामुळे आमचे आकडे इतरांपेक्षा हळू वाढले. पण एका बाईजवळ आठ-आठ तास बसल्याशिवाय कळ म्हणजे काय ते हाताला समजत नाही, हे माझं आजही मत आहे.

पिनार्डचं, म्हणजे पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायच्या नळीचं, उदाहरण घ्या. लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं ते नरसाळं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, वापरतं कुणी नाही, कारण ठोके ऐकवणारं यंत्र, म्हणजे डॉपलर असतो. मॅडमनी पहिले काही आठवडे डॉपलरला हात लावू दिला नाही. आधी पोटावर हात ठेवून बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते शोधायचं. हात थंड असतील तर पोट आखडतं, म्हणून हात चोळून घ्यायचे. मग त्या जागी पिनार्ड टेकवायचा, कान लावायचा आणि हात काढून घ्यायचा. धरून ठेवलं तर आपल्याच बोटांचा आवाज येतो. आणि मोकळ्या हातानं आईच्या मनगटावरची नाडी धरायची. हे शेवटचं मला आधी कुणी शिकवलं नव्हतं. कानात येणारा ठोका आणि बोटाखालचा ठोका एकच असेल तर आपण बाळ नाही, आई ऐकतोय. कळ ओसरल्यावर पूर्ण मिनिटभर मोजायचं. ११० ते १६० मध्ये आहे ना, एवढ्यावर थांबायचं नाही. कळेनंतर खाली जातोय का आणि गेला तर किती वेळात वर येतो, ते पाहायचं.

दुसरी मोठी भानगड पार्टोग्राफची, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते मांडायच्या तक्त्याची. आम्ही नोकरीत भरायचो तो छापील तक्ता गर्भाशयमुख ४ सेंटीमीटर उघडल्यापासून सुरू व्हायचा. तासाला एक सेंटीमीटर या हिशेबानं त्यावर अलर्ट लाइन आखलेली, तिच्यापासून चार तास पुढे अ‍ॅक्शन लाइन. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये प्रसूतीचा सक्रिय टप्पा ५ सेंटीमीटरपासून धरायला सांगितलं, आणि २०२० मध्ये पार्टोग्राफच्या जागी 'लेबर केअर गाइड' आणलं. कागदावर एका सेंटीमीटरचा फरक. पण ४ वर अडकलेल्या पहिलटकरणीला 'प्रोग्रेस नाही' म्हणून पिटोसिनचं, म्हणजे कळा वाढवायच्या औषधाचं, सलाइन लावायचं की तिला उठवून फिरवायचं, हे त्या एका सेंटीमीटरवर ठरतं.

काटोलकडची एक मुलगी अशीच चारवर तासन्‌तास होती. रेसिडेंटला ड्रिप लावायची होती. त्याचाही दोष नाही, त्याच्या डोक्यावर आणखी पाच बाया होत्या. मॅडम त्याच्याशी भांडल्या नाहीत. दोन तास द्या, दर अर्ध्या तासानं ठोके आम्ही लिहून दाखवतो, म्हणाल्या. त्या मुलीच्या बहिणीला आत बोलावलं, तिला कंबर चोळायला दाखवली, मुलीला कॉटचा दांडा धरून उभं केलं. पुढे ती आपोआप सुटली. पुढच्याच आठवड्यात अशीच वाट पाहिलेल्या दुसरीला शेवटी सिझर लागलं, आणि तेही योग्यच होतं. मॅडम दोन्ही वेळा सारख्याच शांत होत्या. कशाची वाट पाहतोय हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर ती वाट पाहणं नव्हे, दुर्लक्ष आहे, असं त्या म्हणायच्या.

लेबर रूममधल्या भाषेबद्दलही लिहायला हवं. कळा देणाऱ्या बाईला जे टोमणे मारले जातात ते इथे छापण्यासारखे नाहीत. ज्यांनी ऐकलेत त्यांना ठाऊक आहेत, आणि ते मारणाऱ्या बहुतेक वेळा आपणच, बायकाच असतो. अभ्यासक्रमात यावर एक धडा आहे. त्या धड्यानं कुणी सुधारत नाही. माझ्या पाहण्यात एकाच गोष्टीनं फरक पडला: बाईजवळ तिचं माणूस असलं की जिभेला आपोआप लगाम बसतो. केंद्र सरकारच्या लेबर रूम सुधारण्यासाठीच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीण आत घ्यायला सांगितलेलंच आहे. जागा नाही, गर्दी होते, ही कारणं सात इंटर्न उभे असताना मला पटत नाहीत.

आता ज्यासाठी आले होते ते, स्त्रीरोग ओपीडी.

तिथे माझं काम पहिल्यांदा पडद्याआड गेलं. तोवर मी ट्रे धरणारी होते. इथे माहिती मी घ्यायची, तपासणी मी करायची, आणि मग डॉक्टरांपुढे केस मांडायची. एक आजी आठवते. सुनेला घेऊन आली होती. सुनेचं पांढरं जाणं, खाज, साधं दुखणं. सुनेचं झाल्यावर मी आजीला विचारलं, "आणि तुमचं काही, मावशी?"

"मले काय होते बाई म्हातारीले. सुनेले पाहा."

हे उत्तर इथे दहातल्या नऊ जणी देतात. म्हणून दुसरा प्रश्न कसा विचारायचा ते आम्हाला शिकवलं होतं: आजार विचारायचा नाही, काम विचारायचं. "शेतात निंदायला बसता तेव्हा, खोकता तेव्हा, लघवीला जाता तेव्हा काही अडचण होते?"

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग सुनेला म्हणाली, "तू बाहेर बस जराशी." आणि मला, "अंग बाहेर येते. पऱ्हाटीत बसलो का येते. हातानंच आत ढकलतो."

किती वर्षांपासून, तर सून घरात यायच्या आधीपासून. सून आता दोन लेकरांची आई. या आजीनं तेवढी वर्षं कापसाचे हंगाम तसेच काढले होते.

डॉक्टरांनी तपासून दोन्ही वाटा सांगितल्या. ऑपरेशन, नाहीतर रिंग पेसरी, म्हणजे अंग आत धरून ठेवणारं कडं. आजीला ऑपरेशन नको होतं, वेचणी तोंडावर होती. रिंग मी बसवली, मागे डॉक्टर उभ्या. बोटांनी मापाचा अंदाज घ्यायचा. बसवल्यावर रिंग आणि भिंतीच्या मधून एक बोट सहज फिरलं पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर आत जखम होते, सैल असेल तर घरी पोचायच्या आत निसटते. मग बाईला उठवून खोकायला लावायचं, उकिडवं बसवायचं, आणि लघवी होऊन आल्याशिवाय घरी सोडायचं नाही. आजी बाथरूममधून आली ती दोनदा उठाबशा काढूनच. "नाई आलं वो!" एवढ्या मोठ्यानं म्हणाली की बाहेरच्या बाकावरच्या बाया आत डोकावल्या. तिला तीन महिन्यांनी परत यायचं, दुर्गंधी आली किंवा रक्त दिसलं तर लगेच यायचं, हे सांगितलं. ती आली, वेळेवर. येताना आपल्या गावातली दुसरी घेऊन आली.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही तिथेच शिकले. पाच टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा बोळा गर्भाशयमुखावर ठेवायचा आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबायचं. पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. खोलीभर व्हिनेगरचा वास. तंत्र दोन दिवसांत येतं. डाग खरा की नुसती सूज, हे ओळखायला नजर बसावी लागते, ती शेकडो तपासण्यांनी बसते. तिशीच्या पुढच्या बायकांना या टेबलावर झोपायला राजी करणं हा तर आणखी वेगळाच कोर्स. "मले काई त्रास नाई तं कायले तपासता?" याचं उत्तर पुस्तकात नसतं.

'पिशवी काढून टाका' ही मागणी घेऊन येणाऱ्याही भरपूर. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या तेव्हा आपल्याकडे तसं नाही असं मला वाटायचं. इथे मुकादम नाही, पण पस्तिशीतली बाई 'मुलं झाली, आता कशाला ठेवायची' म्हणून स्वतःच मागते. आम्ही आधी पाळीचा हिशेब मांडायचो: किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी पडतात का, हिमोग्लोबिन किती. अंडाशयंही काढली तर हाडांचं काय होतं ते सांगायचो. निम्म्या जणींना गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या तांबीनं भागेल असं डॉक्टरांकडून कळायचं.

विदर्भात ओबीजी शिकायचं तर सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, टाळून चालत नाही. नागपूरला गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, शेजारच्या छिंदवाडा-बालाघाटच्या बायका येतात. एसएस, म्हणजे नुसती वाहक नव्हे तर प्रत्यक्ष आजार असलेल्या गरोदर बाईला सरसकट लोहाच्या लाल गोळ्या वाटायच्या नाहीत, हे मला इथे कळलं. अनेकदा रक्त चढवलेलं असेल तर शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. आधी तपासणी. फॉलिक अ‍ॅसिड मात्र जास्त डोसनं. आणि पाणी! नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, पारा ४५ च्या आसपास असताना, एसटीतून दोन-तीन तास उभ्यानं आलेली बाई दुखण्यानं तळमळत कॅज्युअल्टीत यायची. तिला आपण 'पाणी भरपूर प्या' सांगतो, आणि ती प्रवासात लघवी लागेल म्हणून सकाळपासून थेंबभर प्यालेली नसते. बसस्टँडवर बायकांसाठी धड संडास नसणं हे सिकलसेलच्या क्रायसिसचं कारण म्हणून कुठल्या पुस्तकात लिहिलंय, मला दाखवा.

समुपदेशन सगळ्यात अवघड. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. हे सांगितलं की घरचे म्हणतात, "म्हणजे चौथ्याले होईल, तीन तं ठीक." आमच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीनं यावर चिठ्ठ्या काढल्या. चार चिठ्ठ्या, एकीवर खूण. बाईला एक उचलायला लावायची, पाहून परत डब्यात टाकायची, हलवायची, पुन्हा उचलायची. एकीला लागोपाठ दोनदा खुणेची आली आणि तिचा चेहरा पाहून आम्हाला ही युक्ती नीट जपून वापरावी लागेल हे कळलं. पण 'दर वेळी नव्यानं' हे त्याशिवाय कुणाला पटवता आलं नव्हतं. नवऱ्याचं रक्त तपासायला सासूची परवानगी मिळवणं हे त्याच्याही पुढचं. "माह्या पोराले कायले सुई टोचता? पोट तिचं हाय."

दुसऱ्या वर्षी डिझर्टेशन. आमच्या लायब्ररीत जुने प्रबंध ओळीनं लावलेले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं शीर्षक एकच आहे, फक्त गाळलेल्या जागा भरायच्या: 'शहरातील निवडक रुग्णालयांमधील अमुक महिलांच्या तमुक विषयीच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. आधी प्रश्नावली, मग तासभर शिकवायचं, आठवड्यानं तीच प्रश्नावली, गुण वाढतात, पेअर्ड टी-टेस्ट, निष्कर्ष: शिकवलं की कळतं. मला त्या आजीसारख्या बायकांना विचारायचं होतं की दवाखान्यात येईपर्यंत तुम्ही काय काय केलंत, कुणाला सांगितलंत. गाइडला वाटलं वेळेत होणार नाही. त्यांचंही बरोबर होतं. एथिक्स कमिटी, प्रश्नावलीची तज्ज्ञांकडून तपासणी, पायलट स्टडी, हे सगळं वेळेतच बसवायचं असतं. थोडी ओढाताण झाली, विषय थोडा लहान केला आणि तोच मिळाला. पोळ्याच्या पाडव्याला महाल भागात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक निघाली तेव्हा आमची अख्खी बॅच गर्दीत उभी राहून ओरडत होती, "डिझर्टेशनची कटकट घेऊन जा गे मारबत!"

बायकांनी दिलेल्या उत्तरांतलं एक सांगते. नवऱ्याच्या आधी त्यांनी जावेला सांगितलेलं होतं, आणि डॉक्टरकडे न येण्याचं कारण बहुतेकींनी लाज असं दिलं नाही. 'गेलं की पिशवी काढतील आणि मग कामाला कोण जाईल', हे होतं.

शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा झाली, व्हायवात बाहेरच्या परीक्षक मॅडमनी मॅगसल्फवर, म्हणजे गरोदरपणातले झटके रोखायच्या इंजेक्शनवर, धरलं. पुढचा डोस देण्याआधी काय पाहशील? गुडघ्याचा झटका, श्वास, लघवी, आणि हाताशी उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट. हे घोकून आलेलं उत्तर नव्हतं, हातोडी रात्री-रात्री माझ्याच खिशात असायची. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा निकाल लागला, पास झाले.

आणि मग तो प्रश्न, जो प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही. पुढे काय? आपल्याकडे एम.एस्सी. झालेली नर्स रुग्णाजवळून उठून फळ्याजवळ जाते. ट्यूटर, लेक्चरर, प्राचार्य. पडद्याआड बसून बाईला तपासणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या नर्सचं पद मला कुठल्याच जाहिरातीत दिसलं नाही. अमेरिकेत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण सुरू केलं, आणि आता तिथे फक्त स्त्री-आरोग्याच्या अशा नर्सेस आहेत, त्या औषधंही लिहितात. आपल्याकडे केंद्र सरकारनं २०१८ च्या डिसेंबरात मिडवायफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यातून अठरा महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर मिडवायफरीचा कोर्स आला. चांगला आहे, बाळंतपणातच रमणाऱ्यांनी एम.एस्सी.आधी त्याचा विचार करावा. पण त्याचा भर गरोदरपण-बाळंतपणावर. पऱ्हाटीतल्या आजीसाठी कुणाची नेमणूक, हे अजून ठरायचंय.

माझ्या बॅचमधल्या बहुतेक कॉलेजात लागल्या. पगार बरा, रात्रपाळी नाही, मी त्यांना नावं ठेवणार नाही. मलाही एका खासगी कॉलेजातून विचारणा होती. मी ग्रामीण रुग्णालयात परत गेले. हुद्दा तोच, स्टाफ नर्स. फरक एवढाच की मेडिकल ऑफिसर मॅडम समजूतदार निघाल्या आणि आठवड्यातला एक दिवस स्त्रीरोग तपासणीसाठी मला मोकळा करून दिला, तोंडी, कागदावर नाही. त्यांची बदली झाली की मग काय, हा प्रश्न आहेच. सध्याची अडचण त्याहून लहान आहे: रिंग पेसरीचे मधले दोन साइझ संपलेत, जिल्ह्याच्या स्टोअरला इंडेंट पाठवलाय, आणि स्टोअरवाले मला फोन करून विचारतायत की हे नेमकं कुठल्या मशीनचं पार्ट आहे.